कुत्र्याच्या ट्रेनिंगसाठी सल्ला कोणाचा घ्यायचा, आणि तो देणारा माणूस तपासायचा कसा

घरात पिल्लू आलं की सल्ल्यांना तोटा नसतो. "एक ठेवून द्या, परत नाही करणार" म्हणणारं कुणीतरी असतंच, ज्यांच्याकडून पिल्लू आणलं ते अजून वेगळंच सांगतात, आणि तुम्ही एकदा चुकून "पपी बायटिंग" सर्च केलं की फोनवर रील्सचा पाऊस सुरू. गंमत म्हणजे हे सगळे एकदम ठामपणे बोलतात. ज्याला खरंच कळतं तो बहुतेक वेळा "आधी कुत्रा बघावा लागेल" म्हणतो आणि आपल्याला नेमकं तेच ऐकायचं नसतं.

मूळ अडचण अशी आहे की जगातल्या बहुतेक ठिकाणी डॉग ट्रेनर व्हायला लायसन्स लागत नाही. व्हेटला डिग्री लागते, नोंदणी लागते, चुकलं तर तक्रार करायला जागा असते. ट्रेनरचं तसं काही नाही. उद्या सकाळी कोणीही स्वतःच्या नावापुढे "कॅनाइन बिहेवियरिस्ट" लावून मोकळा होऊ शकतो आणि त्यात बेकायदा काही नाही. म्हणजे तपासायचं काम आपल्याच गळ्यात पडतं. ते कसं करायचं ते खाली सांगते, क्रमाने केलंत तर सोपं जाईल, पण तुमचा कुत्रा आधीच कोणाला चावला असेल तर थेट शेवटचा भाग वाचा आणि मग परत वर या.

आधी प्रॉब्लेम लिहून काढा

हे कंटाळवाणं वाटतं म्हणून सगळे टाळतात, पण माणूस कोणता शोधायचा हे यावरच ठरतं. "तो ॲग्रेसिव्ह आहे" असं लिहू नका, त्यातून कोणालाच काही कळत नाही. काय दिसलं ते लिहा: संध्याकाळी सोफ्यावर झोपला होता, मुलगा शेजारी बसायला गेला, आधी अंग ताठ झालं, मग गुरगुरला, मुलगा उठल्यावर थांबला. आधी काय झालं, कुत्र्याने काय केलं, नंतर काय झालं, एवढंच. किती दिवसांपासून आहे आणि वाढतंय का तेही लिहा, आणि शक्य असेल तर व्हिडिओ, पण व्हिडिओसाठी मुद्दाम कुत्र्याला चिडवू नका प्लीज.

आता हे लिहिलेलं बघून ठरवा की हे शिकवण्याचं काम आहे, की भीती-रागाचं, की दुखण्याचं. लिश ओढतो, बोलावल्यावर येत नाही, पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारतो, शू-शी कुठे करायची कळत नाही, हे शिकवण्याचं. चावणं, खाण्यावरून किंवा खेळण्यावरून गुरगुरणं, दुसरे कुत्रे दिसले की वेडापिसा होणं, एकटं ठेवलं की दार कुरतडून पंजे रक्तबंबाळ करणं, हे भीती आणि अँग्झायटीचं, इथे साधा ओबिडियन्स क्लास काही कामाचा नाही, कधीकधी उलट बिघडतं.

आणि दुखणं, यावर जरा थांबते कारण हे सगळ्यात जास्त राहून जातं. घरात कधीच शू न करणारा कुत्रा अचानक करायला लागला तर तो तुमच्यावर डूख धरून नाही करत, लघवीचं इन्फेक्शन असू शकतं, किडनी असू शकते, डायबिटीस असू शकतो. म्हातारा कुत्रा हात लावल्यावर खेकसायला लागला तर सांधे, दात, कान बघा. ब्रिटनमधल्या लिंकन विद्यापीठाचे डॅनियल मिल्स आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये लिहिलं होतं की वागणुकीच्या तक्रारीसाठी स्पेशालिस्टकडे पाठवलेल्या केसेसमध्ये, अगदी हात राखून अंदाज केला तरी, साधारण एक तृतीयांश केसेसमध्ये कुठलं ना कुठलं दुखणं असतं, काही ठिकाणी तर हे प्रमाण बरंच वर जातं. त्यामुळे वागणूक अचानक बदलली असेल तर पहिला फोन व्हेटला, ट्रेनरला नाही. आणि जो ट्रेनर पहिल्या कॉलमध्ये "व्हेटला दाखवलंय का?" हे विचारतो त्याला माझ्याकडून तिथेच एक मार्क.

कोण कोण असतं ते समजून घ्या

ट्रेनर शिकवतो: बस, ये, थांब, लिशवर नीट चाल. बिहेवियर कन्सल्टंट भीती, राग, अँग्झायटी यावर काम करतो, म्हणजे कुत्र्याला तसं का वाटतंय तिथून सुरुवात करतो. आणि व्हेटरनरी बिहेवियरिस्ट म्हणजे आधी व्हेट झालेला आणि मग वागणुकीत स्पेशलायझेशन केलेला डॉक्टर, हा आजार ओळखू शकतो आणि औषधं देऊ शकतो. अशी माणसं फार कमी असतात आणि त्यांच्याकडे वेटिंग असतं.

तुमचा नेहमीचा व्हेट या यादीत कुठे बसतो? तर दुखणं शोधण्यात तो पहिल्या नंबरवर, पण वागणुकीचं शिक्षण व्हेटच्या अभ्यासक्रमात बऱ्याच ठिकाणी अगदी थोडंसं असतं. त्यामुळे "डॉक्टर म्हणाले नाकावर फटका मारा" हे ऐकलंत तर तो डॉक्टर वाईट आहे असं नाही, तो त्याच्या विषयाबाहेर बोलतोय. तसंच उलटंही: ट्रेनर जर म्हणाला "ती गोळी बंद करा, मी ट्रेनिंगनेच नीट करतो", तर बॅग उचला आणि निघा. औषध सुरू करणं आणि बंद करणं दोन्ही व्हेटचंच काम आहे, आणि अँग्झायटीच्या काही गोळ्या एकदम बंद केल्या तर कुत्र्याला त्रास होतो.

नावापुढची अक्षरं

इथे लोक गोंधळतात कारण सर्टिफिकेट, कोर्स आणि मेंबरशिप या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रोफाइलवर तिन्ही एकाच रांगेत चमकत असतात.

सीपीडीटी-केए हे अमेरिकेतल्या सीसीपीडीटी या संस्थेचं सर्टिफिकेट, संस्था २००१ पासून आहे आणि जगभरातले लोक ही परीक्षा देतात. त्यासाठी आधीच्या ३ वर्षांत किमान ३०० तास ट्रेनिंगचा अनुभव दाखवावा लागतो, मग परीक्षा, आणि दर ३ वर्षांनी रिन्यू, त्यासाठी एकतर पुढचं शिक्षण दाखवा नाहीतर परत परीक्षा द्या. पण ही परीक्षा ज्ञानाची आहे, त्याचा हात कसा चालतो हे ती बघत नाही. ड्रायव्हिंगच्या लेखी परीक्षेसारखं, नियम माहिती आहेत एवढं नक्की, गाडी कशी चालवतो ते शेजारी बसल्यावर कळतं. तरी काहीच नसण्यापेक्षा हे खूप बरं, कारण निदान कोणीतरी बाहेरच्याने तपासलंय आणि आचारसंहिता आहे.

आयएएबीसी, स्थापना २००४, ही बिहेवियर कन्सल्टंट लोकांची संस्था, इथे वरच्या दर्जाच्या सर्टिफिकेटसाठी हाताळलेल्या केसेस लिहून द्याव्या लागतात, म्हणून भीती-रागाच्या प्रॉब्लेमला मी इथली डिरेक्टरी आधी उघडते. कॅरन प्रायर अकॅडमी (केपीए सीटीपी) आणि जीन डोनाल्डसन यांची अकॅडमी फॉर डॉग ट्रेनर्स (सीटीसी) हे कोर्स आहेत, पण नुसते व्हिडिओ बघून सर्टिफिकेट मिळेल असे नाहीत, ट्रेनिंग करून दाखवावं लागतं. ब्रिटनमध्ये एबीटीसी ही कौन्सिल ट्रेनर आणि बिहेवियरिस्ट यांची रजिस्टर ठेवते. व्हेटरनरी बिहेवियरिस्टसाठी अमेरिकेत एसीव्हीबी ही संस्था, तिथल्या स्पेशालिस्टच्या नावापुढे डीएसीव्हीबी असतं, आणि युरोपात ईसीएडब्ल्यूबीएम ही संस्था.

एपीडीटी ही १९९३ मध्ये इयन डनबार यांनी सुरू केलेली ट्रेनर्सची संघटना, चांगली आहे, पण तिची साधी मेंबरशिप म्हणजे कोणी परीक्षा घेतलीये असं नाही. मेंबर आहे म्हणजे वर्गणी भरली आणि शिकायची इच्छा दाखवली, एवढंच धरा. वीकेंडला झालेल्या कोर्सचं "मास्टर ट्रेनर" सर्टिफिकेट असेल तर ते कोणी दिलं ते बघा, कित्येकदा ज्या शाळेत शिकला तिनेच दिलेलं असतं आणि शाळेचा मालक तोच किंवा त्याचा गुरू. "वीस वर्षांचा अनुभव" हेही एकटं काही सांगत नाही, वीस वर्षं एकच चूक करता येते.

आता ही पायरी प्रत्यक्षात कशी करायची: त्याच्या वेबसाइटवरचा लोगो बघून खूश होऊ नका, संस्थेच्या स्वतःच्या डिरेक्टरीत जाऊन नाव टाका. पाच मिनिटांचं काम आहे. सर्टिफिकेट कधीतरी होतं आणि रिन्यू केलं नाही असं निघालं तर सरळ विचारा, कारण साधंही असू शकतं. आणि हेही धरून चाला की संस्थांचे मेथडबद्दलचे नियम सारखे नाहीत, त्यामुळे अक्षरं बघून पद्धत कळत नाही. पद्धत विचारावीच लागते.

फोन करा आणि हे तीन प्रश्न विचारा

हे प्रश्न माझे नाहीत, जीन डोनाल्डसन यांनी लोकांसमोर आणले आणि इतके सोपे आहेत की ज्याला काहीच माहिती नाही तोसुद्धा विचारू शकतो. माझ्या कुत्र्याने बरोबर केलं तर त्याच्यासोबत नक्की काय होणार? चुकलं तर नक्की काय होणार? आणि तुम्ही सांगताय त्यापेक्षा कमी त्रासाचा दुसरा मार्ग आहे का?

"नक्की" या शब्दावर जोर द्या, कारण समोरून येणारं उत्तर बऱ्याचदा असं असतं:

"चुकला तर आम्ही करेक्शन देतो मॅडम."
"करेक्शन म्हणजे काय करता?"
"म्हणजे त्याचं लक्ष आपल्याकडे आणतो, थोडं प्रेशर."
"प्रेशर म्हणजे हाताने, लिशने, की कॉलरने?"
"त्याला लागत नाही हो, टॅप असतो फक्त."
"टॅप कसला? करंटचा?"
"...लो लेव्हल असतो."

बघा, चार प्रश्नांनंतर ई-कॉलर, म्हणजे करंट देणारा गळ्यातला पट्टा, बाहेर आली. करेक्शन, प्रेशर, टॅप, स्टिम, बाउंडरी, लीडरशिप, हे सगळे असे शब्द आहेत की त्यांच्या मागे काहीही असू शकतं, अगदी निरुपद्रवीसुद्धा, म्हणून शब्दावर भांडू नका, शरीराला काय होणार ते विचारा. आणि तर्क साधा आहे: त्या "टॅप"ने कुत्र्याला काहीच वाटत नसेल तर तो वागणं बदलेल कशाला? वाटत असेल, तर काय वाटतं ते सांगा. चांगला ट्रेनर या प्रश्नांवर चिडत नाही, उलट खुलतो. म्हणतो, "बरोबर केलं की चिकन, चुकलं की काही नाही, मी रीसेट करतो आणि सोप्पं करून परत विचारतो, आणि तीनदा चुकला तर चूक माझी, मी जास्त अवघड विचारलं."

लोक विचारतात की एवढं का मनावर घ्यायचं, मारलं-दटावलं तरी कुत्रे शिकतातच की. शिकतात, खोटं कशाला बोलायचं. शिक्षेने वागणं दबतं हे खरंच आहे. प्रश्न असा की सोबत काय काय शिकतात. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या व्हेट हॉस्पिटलमध्ये वागणुकीच्या तक्रारी घेऊन आलेल्या १४० मालकांचा सर्व्हे २००९ मध्ये छापून आला. ज्यांनी कुत्र्याला मारून किंवा लाथ घालून बघितलं होतं त्यांच्यापैकी ४३ टक्के लोकांवर कुत्रा उलटला होता, आणि पकडून जमिनीवर उताणा दाबणाऱ्यांपैकी ३१ टक्के लोकांवर. हे आधीच प्रॉब्लेम असलेले कुत्रे होते, सगळ्या कुत्र्यांना हा आकडा लावू नका, पण तुम्ही ट्रेनर शोधताय म्हणजे तुमचाही कुत्रा बहुतेक त्याच गटातला आहे ना. २०२० मध्ये पोर्तुगालमधल्या सात ट्रेनिंग स्कूल्समधल्या ९२ कुत्र्यांचा अभ्यास झाला, शिक्षा जास्त वापरणाऱ्या स्कूल्समधल्या कुत्र्यांमध्ये ताणाची लक्षणं जास्त होती आणि ट्रेनिंगनंतर लाळेतलं कॉर्टिसोल हे ताणाचं हार्मोनही जास्त वाढलेलं होतं. त्याच वर्षी ब्रिटनमधला एक अभ्यास आला, ६३ कुत्रे, बोलावल्यावर न येणारे, काहींना ई-कॉलर वापरणाऱ्या अनुभवी ट्रेनर्सनी शिकवलं, काहींना बक्षिसाने. ई-कॉलरने जास्त चांगलं काही शिकले नाहीत. मग कशाला? अमेरिकेतल्या व्हेट लोकांची एव्हीएसएबी ही संस्था २०२१ पासून स्पष्ट म्हणते की सगळ्याच ट्रेनिंगसाठी, वागणुकीच्या प्रॉब्लेम्ससकट, बक्षिसावर आधारित पद्धतच वापरा.

आणि गुरगुरण्याचं तर फारच महत्त्वाचं आहे. गुरगुरणं ही वॉर्निंग आहे. तिच्यासाठी शिक्षा केली तर कुत्रा गुरगुरायचं थांबवतो, मनातली भीती मात्र तशीच राहते, आणि पुढच्या वेळी थेट दात लागतो आणि सगळे म्हणतात "न सांगता चावला". जो कोणी सल्ला देईल की गुरगुरला की दाबा, त्याचं पुढचं काहीही ऐकू नका.

पण दुसरी बाजूही सांगते, कारण "पॉझिटिव्ह" लिहिलंय म्हणून सगळं आलबेल असं मुळीच नाही. ट्रीट नाकासमोर नाचवून कुत्र्याला ओढत नेणारे, टायमिंगचा पत्ता नसलेले, भुंकणाऱ्या कुत्र्याला दुसऱ्या कुत्र्यांच्या घोळक्यात नेऊन वर बिस्किटं भरवणारे, सहा महिने काही फरक नाही तरी "पेशन्स ठेवा" म्हणणारे, असे पण भरपूर आहेत. मनाने चांगले, कामाने कच्चे. त्यांना विचारायचा प्रश्न वेगळा: "प्लॅन चालत नाहीये हे तुम्हाला कधी आणि कशावरून कळतं, आणि मग काय बदलता?" यावर उत्तर आलं नाही तर समजून जा.

कुत्रा घरी ठेवून क्लास बघायला जा

फोनवर बरं वाटलं की विचारा, एक सेशन बघायला येऊ का. ग्रुप क्लास असेल तर नाही म्हणायला सहसा कारण नसतं, एखाद्याच्या खाजगी सेशनला त्या मालकाची परवानगी लागेल, ते ठीक आहे. पण "आमची टेक्निक सीक्रेट आहे" असं उत्तर आलं तर विषय संपला.

तिथे गेल्यावर ट्रेनरकडे बघू नका. तो छान बोलेलच. कुत्र्यांकडे बघा. अंग सैल आहे का, तोंड जरा उघडं, शेपटी कमरेच्या लेव्हलला आरामात हलतेय का, ट्रेनर जवळ आला की कुत्रा त्याच्याकडे जातो की मान वळवतो? खायला काही नसताना सारखं ओठ चाटणं, झोप आलेली नसताना जांभया, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, कान मागे, शेपटी पोटाखाली, एक पंजा उचलून धरणं, ही ताणाची लक्षणं. एखाद्या कुत्र्यात एखादं दिसलं तर काही नाही, नवीन जागा असते. बहुतेक कुत्र्यांमध्ये दिसतंय आणि ट्रेनर ते बघतच नाहीये, ही गोष्ट वेगळी. आणि एखादा कुत्रा चुकण्याची वाट बघा. चुकल्यावर ट्रेनर काय करतो तिथे सगळं कळतं: काम सोपं करतो, की आवाज वाढवतो?

माणसांशी कसा वागतो हेही बघा. शेवटी कुत्र्याला रोज तुम्हीच शिकवणार आहात, म्हणजे त्याचा खरा विद्यार्थी तुम्ही. चारचौघांत मालकाला झापणारा माणूस कितीही हुशार असला तरी तुम्ही त्याला प्रश्न विचारायला घाबराल, आणि मग घरी काहीतरी अर्धवट कराल.

पिल्लांच्या क्लासचं थोडं वेगळं. सोशलायझेशनचा, म्हणजे नवीन माणसं, कुत्रे, आवाज यांची सवय लागण्याचा, मुख्य काळ साधारण पहिले तीन महिनेच असतो, म्हणून "सगळी इंजेक्शनं संपेपर्यंत घराबाहेर काढू नका" हा सल्ला सरसकट पाळला तर तो काळ निघून जातो. एव्हीएसएबीचं म्हणणं असं की ७-८ आठवड्यांपासून क्लास सुरू करता येतो, पण लसीचा निदान पहिला डोस क्लासच्या किमान ७ दिवस आधी झालेला हवा आणि जंताचं औषधही. अर्थात तुमच्या भागात पार्व्हो (पिल्लांचा जीवघेणा व्हायरस) किती आहे ते तुमच्या व्हेटला विचारूनच. क्लासवाल्याने लसीचं कार्ड मागितलं पाहिजे, फरशी धुतली जात असली पाहिजे, आणि बुजरं पिल्लू खुर्चीखाली लपलेलं असताना दांडगं पिल्लू त्याच्यावर चढतंय आणि ट्रेनर "त्यांचं ते बघून घेतील" म्हणतोय असं नसावं.

ऑनलाइन सल्ला

व्हिडिओ वाईट नसतात, मी खूप बघते. फक्त बघायची पद्धत बदला. समजा एक क्लिप आहे, "रिॲक्टिव्ह कुत्रा तीन मिनिटांत शांत", रिॲक्टिव्ह म्हणजे दुसरा कुत्रा वगैरे दिसला की भुंकत सुटणारा. आता आवाज बंद करा आणि फक्त कुत्र्याकडे बघा. सुरुवातीला लिशच्या टोकाला उभा राहून भुंकतोय. मग कट. कटनंतर लिश बदललेली आहे, वर कानामागे, गळ्याच्या बारीक भागात. दुसरा कुत्रा येतो, हा भुंकायला तोंड उघडतो, लिश वर जाते, तोंड बंद. परत एकदा. तिसऱ्यांदा तो भुंकतच नाही, मान खाली, जीभ एकदा पटकन बाहेर येऊन आत, शेपटी खाली चिकटलेली, आणि तो कशाकडेच बघत नाहीये. लोक खाली लिहितात, "वा सर, जादू". हा शांत झालेला नाही, याने हार मानलीये. १९६७ मध्ये सेलिगमन आणि मायर या मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांवरच प्रयोग करून दाखवलं होतं की टाळताच न येणारे शॉक दिले की नंतर सुटका करून घेणं शक्य असतानाही बरेच कुत्रे नुसते पडून राहतात. कॅमेऱ्यात हे अगदी शहाण्या कुत्र्यासारखं दिसतं.

त्यामुळे क्लिप बघताना कट कुठे आहेत, गळ्यात काय आहे, तोच कुत्रा दोन महिन्यांनी घरी कसा आहे हे दाखवलंय का, आणि चुकलेले प्रयत्न कधी दाखवतो का, हे बघा. चुका दाखवणाऱ्यावर माझा जास्त विश्वास बसतो.

अजून एक झटपट टेस्ट: अल्फा, म्हणजे कळपाचा बॉस. "तुम्ही पॅक लीडर व्हा, आधी तुम्ही जेवा मग तो, दारातून आधी तुम्ही जा." ही कल्पना आली ती कोंडून ठेवलेल्या लांडग्यांवरून, रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये त्यांच्याबद्दल लिहिलं. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकाने ती लोकांपर्यंत पोचवली, आणि मग त्याच मेक यांनी १९९९ मध्ये लिहिलं की जंगलातला कळप म्हणजे मुळात आईबाप आणि त्यांची पिल्लं, भांडून झालेला अल्फा वगैरे नाही. आणि हे सगळं लांडग्यांचं, कुत्र्यांचा तर विषयच वेगळा. म्हणजे जो आजही अल्फा-अल्फा करतो त्याने इतक्या वर्षांत काही नवीन वाचलेलं नाही, एवढं तुम्हाला दोन मिनिटांत कळतं, आणि तेवढं पुरे आहे.

आणि प्रॉब्लेमप्रमाणे सोर्स ठरवा. बस शिकवायचं, क्रेटची (झोपायच्या पिंजऱ्याची) सवय लावायची, नखं कापून घ्यायची सवय, यासाठी चांगल्या ट्रेनरचे व्हिडिओ पुरतात, चुकलं तरी फार नुकसान नाही. चावणं, मुलांशी संबंधित काहीही, घरातल्या दोन कुत्र्यांची भांडणं, हे व्हिडिओ बघून करू नका, तुमचा कुत्रा न बघता दिलेला कुठलाही सल्ला इथे पुरत नाही. दोन जाणकार दोन वेगळ्या गोष्टी सांगत असतील, जे होणारच, तर मी असं ठरवते: हा सल्ला चुकीचा निघाला तर काय होईल? एकात फार तर थोडी बिस्किटं आणि दोन आठवडे वाया जाणार, दुसऱ्यात कुत्रा माझ्या हाताला घाबरायला लागणार. मग पहिला आधी.

जवळपास कोणीच नसेल तर व्हिडिओ कॉलवर कन्सल्टेशन घ्या, ही तडजोड आहे असं समजू नका. सेपरेशन अँग्झायटीत (एकटं राहण्याच्या भीतीत) तर कुत्रा एकटा असतानाच बघायचा असतो, त्यामुळे ते काम बरेच लोक कॅमेऱ्यावरच करतात. आणि व्हेटरनरी बिहेवियरिस्ट लांब असेल तर तुमच्या व्हेटला विचारा, काही स्पेशालिस्ट थेट व्हेटला सल्ला देतात.

कुठे थांबायचं

गॅरंटी दिली की थांबा. वागणुकीची गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही, सीसीपीडीटीच्या आचारसंहितेत तर निकालाची गॅरंटी देऊ नका असंच आहे. कुत्र्याला काही आठवडे ठेवून घेतो, भेटायला येऊ नका, ट्रेन करून परत देतो, इथेही थांबा, कारण बंद दारामागे काय होतं ते कळायला मार्ग नाही, आणि कुत्रा तिकडे शिकलेलं घरी आल्यावर विसरतो कारण घर तेच आणि माणसं तीच. हिस्ट्री न विचारता पहिल्या मिनिटाला निदान सांगणारा, प्रत्येक कुत्र्याला एकच कॉलर, "ही जात अशीच असते" एवढ्यावर सगळं संपवणारा, यांचं पण तेच.

सुरुवात केल्यावर पहिल्या सेशननंतर तुमच्या हातात लेखी काहीतरी असलं पाहिजे: या आठवड्यात काय टाळायचं, रोज पाच-दहा मिनिटं काय करायचं, काय दिसलं तर फोन करायचा. तुम्ही सुरुवातीला लिहिलेला तो कागद काढा आणि तीन-चार आठवड्यांनी परत लिहा. पूर्ण बरं होण्याची अपेक्षा नको, पण भुंकणं कमी वेळ टिकतंय, लवकर सावरतोय, खाणं घेतोय, असं काहीतरी सरकलं पाहिजे.

आणि सेशन चालू असताना काही खटकलं, ट्रेनरने लिश हातात घेऊन झटका दिला किंवा कुत्र्याला खाली दाबलं, तर "थांबा, लिश माझ्याकडे द्या" एवढं म्हणा. कारण द्यायची गरज नाही, चर्चा नंतर. आपल्याला संकोच वाटतो, समोरचा एक्सपर्ट आहे, पैसे भरलेत, बाकीचे बघतायत. तरी म्हणा. कुत्र्याला ते म्हणता येत नाही.

आधीच चावला असेल तर

माणसाची जखम आधी, साबण आणि वाहत्या पाण्याने निदान १५ मिनिटं धुवा आणि डॉक्टरकडे जा, रेबीजच्या इंजेक्शनचं काय ते तेच ठरवतील, घरचा लस झालेला कुत्रा आहे म्हणून हे टाळू नका. कुत्र्याला वेगळ्या खोलीत पाणी देऊन ठेवा, मारू नका, ओरडू नका, त्याने पुढचं चावणं टळत नाही. अपॉइंटमेंट मिळेपर्यंत ज्या परिस्थितीत चावला ती परिस्थितीच येऊ देऊ नका: सोफ्यावरून असेल तर सोफ्याची खोली बंद, खाण्यावरून असेल तर बंद दाराआड एकट्याला जेवण, मुलं आणि कुत्रा यांच्यामध्ये गेट, आणि "मी बघतोय ना" यावर भरवसा नको. बास्केट मझल, म्हणजे तोंडाला लावायची जाळीदार टोपली, आणून ठेवा, ज्यातून त्याला धापा टाकता येतात, पाणी पिता येतं. पण ओढून चढवू नका, आत खाऊ ठेवून त्याला स्वतः तोंड घालू दे, काही दिवस फक्त एवढंच. व्हेटची वेळ घ्या, दुखणं तपासायला सांगा, आणि बिहेवियर कन्सल्टंटला पहिला मेसेज पाठवताना तारीख, जागा, आधी काय झालं, किती दात लागले आणि जखमेचा फोटो, एवढं एकदमच पाठवा, म्हणजे किती तातडीचं आहे ते त्यांना लगेच कळतं.